कोबी-सलगम आणि बाखबुवा

शुक्रवार, लाइपझिग

टोमास चर्चच्या अंगणात संगीतकार योहान सेबास्टियन बाखचा पुतळा आहे, १९०८ सालचा. भारदस्त उभा आहे, पण कोटाचा एक खिसा उलटा होऊन बाहेर आलेला. बाखला कायम पैशाची ओढाताण, म्हणून शिल्पकाराने तो तसा दाखवला असं इथे सांगतात. मावशीने पुतळ्याला एक फेरी घातली आणि म्हणाली, "वीस मुलं होती म्हणालीस ना? मग खिशात काय राहणार!"

मावशी सांगलीहून माझ्याकडे फ्रँकफुर्टला आलेली. आपल्याकडचं गाणं तिने आयुष्यभर ऐकलंय, थोडं शिकलीही आहे. इथल्या संगीताबद्दल मात्र तिचं मत ठरलेलं होतं: सगळे काळे कोट घालून, श्वास रोखून बसतात, टाळी कधी वाजवायची तेही कळत नाही. त्यावर मी ही सहल काढली. मोठी सभागृहं नकोत. जर्मन संगीतकारांनी आपल्या चोख, अवघड रचनांमध्ये गल्लीतली गाणी घेतली, त्या गाण्यांत कोबी, कांदे, बिअर, कोरडा पाव असलं काहीबाही आहे; ते जिथून आलं तिथे जायचं. सोय अशी की यातली बरीचशी गावं लाइपझिग ते आयझेनाख या एकाच रेल्वेमार्गावर किंवा त्याला लागून आहेत.

बाख १७२३ मध्ये इथे आला आणि १७५० मध्ये इथेच वारला. १७३० साली एर्डमान नावाच्या जुन्या मित्राला त्याने पत्र लिहिलं. त्यात हिशेब आहे: वर्षाची मिळकत साधारण ७०० थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं), शहर महाग, आणि त्यातून हवा निरोगी असली की अंत्यविधी कमी होतात, म्हणजे त्या वेळच्या गाण्याचे पैसेही कमी. गेल्या वर्षी याच कारणाने शंभरावर थालर बुडाले अशी तक्रार. मावशी चर्चच्या पायरीवर बसून हसत सुटली. मग मी तिला वाइनच्या पिंपाची गोष्ट सांगितली. १७४८ मध्ये श्वाइनफुर्टच्या चुलतभावाने प्रेमाने एक छोटं पिंप पाठवलं. वाटेत हिंदकळून किंवा कुणी ढोसून एक तृतीयांश रिकामं झालं. उरलेल्यावर बाखने भाडं, जकात, हमाली सगळं पै-पैशाने मांडलं आणि कळवलं, की भेट म्हणून ही फार महाग पडते, पुन्हा पाठवू नकोस.

सहा वाजता चर्चमध्ये मोटेट्टे, म्हणजे शुक्रवारची सांगीतिक प्रार्थना. ऑर्गनचा शेवटचा स्वर कमानींत बराच वेळ फिरत राहिला. मावशीने डोळे मिटून घेतले होते. बाहेर आल्यावर म्हणाली, "हे छानच आहे गं. पण तुझा कोबी कुठाय यात?"

कोबी 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'मध्ये आहे. १७४१ मध्ये न्यूर्नबर्गला छापलेली ही रचना. एक संथ 'आरिया', म्हणजे गाण्यासारखी धून, तिच्या खर्जातल्या चालीवर तीस विस्तार, आणि शेवटी पुन्हा तीच आरिया. दर तिसरा विस्तार 'कॅनन', म्हणजे एका आवाजाने सुरुवात करायची आणि दुसऱ्याने तेच घेऊन मागून यायचं. पहिल्या कॅननमध्ये दोघं एकाच स्वरावरून निघतात, पुढच्यात दुसरा एक स्वर वरून, त्यापुढच्यात दोन, असं वाढत सत्ताविसाव्या विस्तारापर्यंत. कागदावर पाहिलं तर गणिताची वही वाटते. तिसावा आला की ऐकणारा त्याच हिशेबाने पुढचा कॅनन येणार म्हणून बसलेला असतो. आणि बाख तिथे लोकांच्या तोंडची दोन गाणी एकमेकांत गुंफून टाकतो! त्याला 'क्वोडलिबेट' म्हणतात. एक गाणं म्हणतं, "किती दिवस झाले तुझ्यापाशी आलो नाही, सरक जवळ, सरक जवळ." दुसरं म्हणतं, "कोबी-सलगमांनी मला पळवून लावलं. आईने मांस शिजवलं असतं, तर आणखी थांबलो असतो."

आरिया इतका वेळ दूर गेली होती, आता परत यायची वेळ झाली. म्हणून पहिलं गाणं. आणि एवढा वेळ दूर का होतीस? तर घरचा कोबी. म्हणजे तासाभराच्या वादनाच्या शेवटी हा माणूस एक घरगुती विनोद करतो, आणि तोही खर्जाची चाल तसूभर न हलवता. सभागृहात मात्र या जागी कुणी हसताना मी पाहिलेलं नाही.

मावशीही हसली नाही. "आईला बोल लावतोय मेला," ती म्हणाली. "तिच्याकडे मांसाला पैसे होते का, ते विचारलं का त्याने?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पुढे सबंध प्रवासभर आमच्याबरोबर राहिला.

शनिवार, लाइपझिग

सकाळी ट्रामने क्लाइनत्शोखर. आता हा लाइपझिगचाच भाग, पण बाखच्या वेळी वेगळं गाव. ३० ऑगस्ट १७४२ रोजी इथे फॉन डीस्काऊ हा नवा जहागीरदार गादीवर आला, त्या समारंभासाठी बाखने 'बाउर्न कांटाटे' म्हणजे शेतकऱ्यांची कांटाटा (गायक आणि वाद्यांसाठीची रचना) लिहिली. शब्द पिकांडर या टोपणनावाच्या कवीचे. हाच माणूस बाखच्या 'मॅथ्यू पॅशन'चाही कवी, आणि नोकरीने करखात्यातला. सुरुवातच ठेठ सॅक्सन बोलीत: आम्हाला नवे सरकार लाभले, ते डोक्यात चढणारी बिअर पाजतात. शेतकरी आणि त्याची प्रेयसी मीके दोघं मिळून जहागीरदाराचं कौतुक करतात आणि करवसुलीवाल्याला चिमटे काढतात. मीके म्हणते की गुत्त्याकडे जाण्याआधी सरकारांच्या मानार्थ एक नवं गाणं ऐकवते. मग ती गाते, की क्लाइनत्शोखर बदामाच्या गरासारखं कोवळं आणि गोड असो. बदाम, बरं का. शेतकऱ्याच्या घरी बदाम कुठले? श्रीमंताची स्तुती करायची तर त्याच्या ताटातलंच काही काढावं लागतं. शेवटी सगळे गावच्या गुत्त्याकडे निघतात, जिथे चामडी पिशवीचा पावा घोंगावत असतो.

जहागीरदाराचा वाडा आता नाही. दुसऱ्या महायुद्धात तो गेला. उद्यान आहे, कुत्री फिरवणारी माणसं आहेत. फार थांबण्यासारखं काही नव्हतं, परतलो.

शहरात काथरीनेनश्ट्रासे या रस्त्यावर त्सिमरमानचं कॉफीघर होतं. बाख १७२९ पासून विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता आणि हिवाळ्यात दर शुक्रवारी रात्री आठ ते दहा इथे वाजवायचा. लग्नासाठी कॉफी सोडायची बापाची अट वरवर मान्य करून मागच्या दाराने कॉफी परत मिळवणाऱ्या मुलीची 'कॉफी कांटाटा' इथलीच मानतात. ती इमारतही १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेली. मावशी चहावाली. तिने या प्रकरणात रस दाखवला नाही.

दुपारी मी हट्टाने गुस्टाव्ह आडोल्फ श्ट्रासेवर गेले. १२ क्रमांकाच्या घरात संगीतकार गुस्टाव्ह माहलर राहायचा, १८८६ ते १८८८ या काळात तो लाइपझिगच्या नाट्यगृहात दुय्यम संगीत-संचालक होता तेव्हा. वेबर या संगीतकाराच्या नातवाकडे त्याचं जाणं-येणं होतं. त्या घरच्या पुस्तकांत त्याला 'डेस क्नाबेन वुंडरहोर्न' गवसलं असं सांगतात. आर्निम आणि ब्रेन्टानो या दोघांनी १८०५ ते १८०८ दरम्यान छापलेला हा लोकगीतांचा संग्रह. पुढे कितीतरी वर्षं माहलर त्यातूनच शब्द घेत राहिला.

त्यातलं एक गाणं मी फुटपाथवर उभी राहून मावशीला अर्थासकट ऐकवलं, एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. मूल म्हणतं, आई, भूक लागली, पाव दे, नाहीतर मरेन. आई म्हणते, थांब बाळा, उद्या कापणी करू. कापणी होते. मूल पुन्हा म्हणतं, पाव दे. थांब बाळा, उद्या मळणी करू. मळणी होते. थांब बाळा, उद्या भाजू. पाव भाजून होतो तेव्हा मूल तिरडीवर असतं. माहलरने याला 'पृथ्वीवरचं जगणं' असं नाव दिलं. खाली वाद्यांची एक घरघर सुरू होते ती थांबतच नाही. मूल मेल्यावरही चाक फिरत राहतं. आईचे सूर मात्र दर वेळी तेच, धीराचे.

याच्या जोडीचं 'स्वर्गातलं जगणं' माहलरच्या चौथ्या सिंफनीचा शेवट आहे. तेही एका पोराच्या तोंडचं. तिथे देवदूत पाव भाजतात, वाइनला दमडी पडत नाही, शतावरी आणि शेंगा हव्या तेवढ्या, संत मार्था स्वयंपाकाला. उपाशी पोराचा स्वर्ग म्हणजे भरलेलं स्वयंपाकघर, दुसरं काय असणार. १९०१ मध्ये म्युनिकला पहिल्यांदा वाजवलं तेव्हा लोकांना हा शेवट पोरकट वाटला होता. मला ती सिंफनी याच शेवटासाठी आवडते.

मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ही आई तरी खोटं बोलत नव्हती. पिकायला वेळ लागतोच."

रविवार, वायमार

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार-रविवार गाठून आलो होतो ते यासाठीच. वायमारचा कांदाबाजार १६५३ पासूनच्या नोंदींत आहे. गावभर कांद्यांच्या वेण्या: लाल, पांढरे कांदे, मधे सुकलेली फुलं गुंफलेली. मावशी पहिल्याच टपरीपाशी थबकली. कांद्याची वेणी हातात घेऊन गाठ कशी मारलीय ते उलटसुलट करून पाहिलं, भाव विचारायला लावला, ऐकला, आणि वेणी खाली ठेवली. "एवढ्यात सांगलीला पोतं येईल." कांद्याचा गरम केक सगळीकडे होता, पण बहुतेकांत डुकराच्या मांसाचे तुकडे. बिनमांसाचा मिळेपर्यंत अर्धा बाजार पालथा घातला. बिनमांसाचं काही मागायचं तर पैसे मोजून शोधावं लागलं, हे कोबी-सलगमाच्या गाण्याच्या अगदी उलट.

गर्दीतून कवी गटेच्या घरापर्यंत पोचलो. गटे हा सलगमांचा शौकीन. बर्लिनचा त्याचा मित्र त्सेल्टर, जो धंद्याने गवंडी आणि आवडीने संगीतकार होता, तो त्याला टेल्टोव्ह गावची छोटी सलगमं पाठवायचा. त्या दोघांच्या पत्रव्यवहारात गाण्यांच्या चाली आणि सलगमं शेजारी शेजारी आहेत. 'वुंडरहोर्न' गटेलाच अर्पण केलेलं. १८०६ मध्ये त्याने त्यावर लिहिलं की हे पुस्तक घरोघरी हवं: खिडकीत, आरशाखाली, किंवा जिथे एरवी भजनांची आणि पाककृतींची पुस्तकं पडलेली असतात तिथे. गंभीर ग्रंथांच्या कपाटात ठेवा असं तो म्हणाला नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

नाट्यगृहासमोर गटे आणि शिलर या दोन कवींचा पुतळा आहे, गटेचा हात शिलरच्या खांद्यावर, त्यांच्या पायाशी लोक सॉसेज खात बसलेले. याच जागच्या जुन्या नाट्यगृहात २३ डिसेंबर १८९३ रोजी हुंपरडिंकचा 'हेन्झेल उंड ग्रेटेल' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. संचालन रिखार्ड श्ट्राउसचं. पडदा उघडतो तेव्हा भुकेली भावंडं काम करतायत आणि ग्रेटेल एक जुनं बालगीत गाते, ज्यात हंस अनवाणी चालतात कारण चांभाराकडे चामडं आहे पण साचा नाही. घरात एक माठभर दूध. आई येते, पोरं नाचताना बघून चिडते, मारायला धावते आणि तिच्याच धक्क्याने माठ फुटतो. त्या दुधात रात्रीची तांदळाची खीर व्हायची होती. ती पोरांना रानात स्ट्रॉबेऱ्या वेचायला पिटाळते आणि एकटी बसून देवाकडे पैसे मागते. नंतर बाप झाडू विकून, किंचित झिंगून येतो, आणि टोपलीतून एकेक काढतो: खारं मांस, लोणी, पीठ, सॉसेज, चौदा अंडी, शेंगा, कांदे आणि पाव पौंड कॉफी. ऑपेरात वाणसामानाची यादी गाऊन दाखवणं ही मोठी मौजेची गोष्ट आहे, आणि ती यादी रंगते, कारण आधीचा माठ फुटलेला असतो.

"पुन्हा आईच," मावशी म्हणाली. आणि खरंच. बाखच्या गाण्यातली, माहलरच्या गाण्यातली, ही. गाणारं नेहमी पोर, आणि रिकाम्या भांड्यापाशी उभी ती. बाप आला तर टोपली घेऊन येतो.

रात्री एर्फुर्टला मुक्काम.

सोमवार, आर्नश्टाट

पाऊस. संग्रहालयं बंद. चौकात तरुण बाखचा पुतळा आहे, पाय पसरून रेललेला, लाइपझिगच्या पुतळ्याहून मला जास्त पटणारा. १७०३ मध्ये अठराव्या वर्षी तो इथे ऑर्गनवादक झाला. १७०५ च्या हिवाळ्यात चार आठवड्यांची रजा घेऊन ल्युबेकला बुक्स्टेहूड या नामांकित ऑर्गनवादकाचं ऐकायला गेला, पायी, चारशेहून जास्त किलोमीटर, आणि सुमारे चार महिन्यांनी परतला. चर्चच्या मंडळींनी झाडलं. कोबी-सलगमाची चाल म्हणजे मुळात 'बेर्गामास्का' नावाची नाचाची धून, आणि बुक्स्टेहूडने त्याच धुनेवर बत्तीस विस्तार रचलेले आहेत, 'गोल्डबर्ग'च्याच जी मेजर स्वरसप्तकात. 'गोल्डबर्ग'चेही दोन आरिया धरून बत्तीसच भाग. इतक्या वर्षांनी बाखने म्हाताऱ्या गुरूला केलेला हा नमस्कार आहे, असं मी तरी मानते.

बाखच्या पहिल्या चरित्रकारांपैकी फोर्केल याने १८०२ मध्ये लिहून ठेवलंय, की बाख मंडळी वर्षातून एकदा एर्फुर्ट, आयझेनाख किंवा इथे आर्नश्टाटला जमायची. आधी एक भजन. मग थट्टामस्करी, आणि मग प्रत्येकाने वेगळं लोकगीत एकाच वेळी गायचं, काही चावट, असं की सगळं जुळूनही यावं. स्वतःच हसून लोळायचे. क्वोडलिबेट तिथला.

या गावच्या मठाच्या १४०४ सालच्या हिशेबात सॉसेजच्या आतड्यासाठी दिलेल्या एका ग्रोशन नाण्याची नोंद आहे. थ्युरिंगिया या इथल्या प्रांताच्या सॉसेजच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी एक. मी एक खाल्लं. मावशी छत्री धरून दुसरीकडे बघत उभी राहिली.

मंगळवार, वेखमार

गोठाहून बसने. आपफेलश्टेट नदीकाठचं छोटं गाव, लाकडी चौकटींची घरं, आणि त्यातलं एक बाखच्या पूर्वजांचं, एकेकाळची बेकरी.

१७३५ मध्ये, पन्नाशीत, बाखने आपल्या घराण्याची टिपणं लिहून काढली. पहिलं नाव फाइट बाख. धंदा पाव भाजण्याचा, राहणार हंगेरीचा. सोळाव्या शतकात धर्मसुधारक लुथरच्या पंथाचा म्हणून त्याला तिथून निघावं लागलं. असेल ते विकून तो थ्युरिंगियात आला, वेखमारला स्थिरावला आणि पुन्हा भट्टी पेटवली. त्याचा सगळ्यात मोठा आनंद म्हणजे एक छोटं सिटर्न, आपल्या हातात मावेल असं तंतुवाद्य. ते तो गिरणीवर घेऊन जायचा आणि दळण चालू असताना वाजवत बसायचा. पुढे बाख लिहितो, की दोन्ही मिळून छानच वाजत असणार! पण त्यामुळे तो ताल पक्का धरायला शिकला असेल. आणि ही म्हणे आमच्या घराण्यातल्या संगीताची सुरुवात.

मी हे ओढ्याकाठी उभी राहून वाचून दाखवलं. पाणी जोरात होतं. मावशीचा चेहराच बदलला. तिच्या लहानपणी घरी जातं होतं, पहाटे तिची आजी आणि काकू समोरासमोर बसून दळायच्या, आणि ओव्या चालायच्या. "दळणाशिवाय ओवी सुचायची नाही गं तिला. दिवसा कुणी म्हण म्हटलं तर म्हणायची, जातं दे आधी." मग मावशीने तिथेच एक ओवी म्हटली, हाताने खुंटा फिरवल्यासारखं करत. तालात एक ठेच होती, दर फेऱ्याला एक, जिथे हात स्वतःकडे ओढायचा असतो. मला एकदम माहलरच्या गाण्यातली ती न थांबणारी घरघर आठवली. शब्द वेगळे, फेरा तोच.

फरक एवढाच की फाइट बाखसाठी दळण पाण्याने दळलं जात होतं आणि हात मोकळे होते. "आमच्याकडे हातही बायकांचे आणि गाणंही बायकांचंच," मावशी म्हणाली. "याची बायको तेव्हा कुठे होती?" टिपणांत तिचं नाव नाही. बाखने पुरुषांची यादी केलीय, त्रेपन्न नावं, शेवटपर्यंत सगळे पुरुष.

जेवायला बटाट्याचे मोठे पांढरे गोळे, 'क्लोसऽ', आणि शिजवलेला लाल कोबी. सलगम मिळालं नाही. मावशीने कोबी दोनदा घेतला. जिरं हवं होतं म्हणाली, बाकी तक्रार नाही.

बुधवार, आयझेनाख

बाख १६८५ मध्ये या गावात जन्मला. बाखहाउस हे संग्रहालय त्याचं प्रत्यक्ष जन्मघर नव्हे, पण त्या काळचं घर आहे, स्वयंपाकघरासकट. तासातासाला कुणीतरी जुन्या वाद्यांवर वाजवून दाखवतं. नऊ वर्षांचा असताना त्याची आई एलिझाबेथ गेली, काही महिन्यांत वडीलही. थोरल्या भावाने सांभाळला.

स्वयंपाकघराच्या दारात मी मावशीला आना माग्दालेनाबद्दल सांगितलं. बाखची दुसरी बायको. उत्तम गायिका, तेरा मुलांची आई, त्याच्या रचनांची लेखनिक. 'गोल्डबर्ग'ची आरिया तिच्या वहीत तिच्याच अक्षरात आहे. नवऱ्यामागे तिने दहा वर्षं काढली आणि १७६० मध्ये लाइपझिगला वारली तेव्हा दफ्तरात तिची नोंद 'भिक्षेवर जगणारी' अशी झाली. मुलं होती, त्यातली काही युरोपभर नावाजलेली.

"कोबी तरी मिळत होता का तिला?" एवढंच मावशीने विचारलं.

या गावात बाखच्या दोनशे वर्षं आधी मार्टिन लुथर शाळेत होता. शाळकरी पोरं दारोदार गायची आणि पावाचे तुकडे मिळवायची. आपणही त्यातलेच, दारोदार पाव मागितला, विशेषतः आयझेनाखला, असं लुथरने पुढे स्वतः सांगितलंय. उर्सुला कोटा नावाच्या बाईने त्याचं गाणं ऐकून त्याला आपल्या घरी जेवायला बसवलं अशी कथा आहे. मावशीला ही बाई फार आवडली. त्या सबंध प्रवासात पोराला पोटभर वाढणारी ती पहिलीच.

गाडीला वेळ होता. स्टेशनजवळच्या बेकरीत मावशीने काचेमागचे पाव निरखले आणि म्हणाली, "विचार गं त्याला, कालचा आहे का? कालचा स्वस्त असेल." मला लाज वाटली, पण विचारलं. होता, अर्ध्या किमतीत, कागदी पिशवीत बांधलेला. राईचा, काळपट, घट्ट. डब्यात बसल्या बसल्या तिने सांगलीहून आणलेली शेंगदाण्याची चटणी काढली, आणि फुल्डा यायच्या आत आम्ही दोघींनी तो संपवला.